दिशा : खाली

पहिला रकाना सोपा असतो.
दक्षिण टोक, उत्तर टोक, पश्चिम, पूर्व :
चार आकडे, की झाला सोलापूर जिल्हा.
सतरा पूर्णांक एकपासून अठरा पूर्णांक तीन,
चौऱ्याहत्तरच्या पुढून शहात्तरच्या पुढे.
जिल्हा मात्र असा चौकोनी नाही.
करमाळ्याकडे वर घुसतो, सांगोल्याकडे लोंबतो,
आणि उरलेल्या कोपऱ्यांत
इंडीची लिंबं येतात, परांड्याचा किल्ला येतो,
जिथे आमची एकही विहीर नाही.
चौकट खोटं बोलत नाही.
जरा जास्त बोलते, इतकंच.

दुसरा रकाना : खोली.
एकक : मीटर.
धन दिशा : वर की खाली?
इथे मी चहा मागवते.

उणे म्हणजे काय हे या शहराला शिकवावं लागत नाही.
उजनी मायनसमध्ये गेली, असं पानटपरीवरही म्हणतात,
आणि ज्याचा नळ पाचव्या दिवशी येतो
त्याला कळतं की शून्याच्या खालीही पाणी असतं,
फक्त ते आपलं नसतं.
पण विहिरीचं उलटं.
तिथे आकडा वाढला की पाणी घटलं.
चार म्हणजे सुख. अकरा म्हणजे
टँकरच्या अर्जाला जोडायचा कागद.

विहीर क्रमांक सत्तेचाळीस, मंद्रूपच्या अलीकडे.
तीस वर्षांच्या नोंदी एकाच हाताच्या,
गुरुसिद्ध म्हेत्रे, निरीक्षक,
निळी शाई, सातला मधोमध आडवी रेघ.
पाणी किती खाली ते सगळं लिहिलंय.
कशापासून खाली, ते नाही.
आणि म्हेत्रेंना विचारायला आता
कुठल्याही अक्षांशावर जाता येत नाही.

म्हणून गेले. भर दुपारी.
नजमाबी करडईच्या कडेला बसली होती.
"म्हेत्रेसाहेब? जमिनीवरनं कधीच मोजत नव्हते की वो.
हितं कठड्याला गुडघा टेकायचे.
टेपला खडू फासायचे, माझ्या पोराच्या दप्तरातला.
खडू भिजला तिथपतोर पाणी.
पोरगं रडायचं, खडू संपला म्हणून.
पुढच्या खेपेला डबीच घेऊन आले."

कठड्याच्या दगडावर
तेलरंगाचा एक लाल ठिपका, पोपडे धरलेला.
तेच त्यांचं शून्य.
मी जमिनीपासून मोजलं : त्र्याऐंशी सेंटिमीटर.
ऑफिसात येऊन वजा केलं,
आणि तीस वर्षांचं पाणी
एका संध्याकाळी त्र्याऐंशी सेंटिमीटर वर आलं.
कुणाची घागर भरली नाही.

राहिल्या तीन ओळी, तीन उन्हाळ्यांच्या.
तिथे म्हेत्रेंनी आकडा लिहिलेला नाही.
'कोरडी' लिहिलंय,
आणि एकदा नुसता खडूचा ठसा, बोटाचा, पांढरा.
संगणक अक्षर घेत नाही, ठसा तर नाहीच.
अशा वेळी भरायचं ठरलेलं आहे :
उणे नऊ हजार नऊशे नव्याण्णव.
हा आकडा नाही, आकडा नसल्याची खूण आहे,
हे तिसऱ्या रकान्यात नीट सांगावं लागतं.
नाहीतर उद्या कुणीतरी दूर बसून
दिशा खाली, चिन्ह उणे, असा हिशेब लावेल
आणि म्हणेल, मंद्रूपच्या विहिरीचं पाणी
त्या मे महिन्यात दहा किलोमीटर आभाळात होतं.

हसू आलं. मग नाही आलं.
त्या मे महिन्यात ते होतं तिथेच.

शेवटी टीप लिहिली :
'संदर्भपातळी, कठड्याची वरची कड, लाल ठिपका.
निरीक्षक गुडघा टेकून मोजत.'
कोंडासाहेब म्हणाले, दुसरं वाक्य काढा,
गुडघ्यासाठी रकाना नाही.
मी अजून काढलेलं नाही.
मर्यादा अडीचशे अक्षरांची आहे.
खडूचंही बसेल.